आधी विचारायचे कोणी?

डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत एक चमत्कारिक प्रसंग घडला. विरोधी बाकांवरील एका पक्षाचे सदस्य सभागृहातच ई-सिगारेट ओढतात, अशी तक्रार सत्ताधारी पक्षाच्या एका सदस्याने अध्यक्षांकडे केली. आरोप खरा की खोटा, या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु ज्या सभागृहाने २०१९ साली ई-सिगारेटच्या उत्पादनापासून जाहिरातीपर्यंत सर्व व्यवहारांवर बंदी घालणारे विधेयक संमत केले, त्याच सभागृहात सहा वर्षांनी अशी तक्रार उद्भवावी, याला काही अर्थ आहे. तक्रार नियमाच्या भाषेत झाली, तिचे उत्तरही नियमाच्या भाषेतच मिळाले. ते योग्यच होते. लोकसभेला अध्यक्ष असतात आणि नियमांचे पुस्तक असते.

जेथे अध्यक्ष नसतात, तेथे काय करायचे हा खरा प्रश्न आहे. उद्वाहनात, चित्रपटगृहाच्या काळोखात, उपाहारगृहातील शेजारच्या टेबलावर, रात्रीच्या रेल्वेडब्यातील वरच्या बाकावर कोणीतरी खिशातून लेखणीएवढी एक नळी काढतो, ओठांना लावतो आणि आंब्याच्या किंवा पुदिन्याच्या वासाचा एक पांढुरका लोट हवेत सोडतो. शेजारचा माणूस चुळबुळतो, नाक मुरडतो, इकडेतिकडे पाहतो आणि गप्प बसतो. हा धूर आहे की नाही, याला बंदी आहे की नाही, हरकत घ्यावी तर कोणत्या आधारावर घ्यावी आणि घेतलीच तर आपण बुरसटलेले ठरू की काय, अशा चार शंका त्याच्या मनात एकदम येतात. त्या फिटेपर्यंत लोट विरून गेलेला असतो आणि हरकतीची वेळही टळलेली असते. या अवघडलेल्या गप्प बसण्याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

वस्तू तशी साधी आहे. एक छोटी बॅटरी, तिच्यावर तापणारी तार आणि त्या तारेला भिजविणारा द्रव, एवढीच तिची रचना. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, कृत्रिम स्वाद आणि बहुधा निकोटीन असते. तंबाखू जळत नाही, राख पडत नाही, टोकाशी निखारा नसतो. चीनमधील औषधशास्त्रज्ञ होन लिक यांनी २००३ साली तिचे आजचे रूप सिद्ध केले आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत ती जगभर पसरली. २०१४ साली ऑक्सफर्डच्या कोशकारांनी 'व्हेप' हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला. ओढणारे तिच्यातून निघणाऱ्या लोटाला वाफ म्हणतात, पण ती चहाच्या किटलीतून निघणारी वाफ नव्हे. ते अतिसूक्ष्म थेंबांचे धुके असते आणि द्रवात जे जे असेल ते थोड्याफार प्रमाणात त्याच्याबरोबर बाहेर पडते.

मान वयाला, श्वासाला नव्हे

आपल्या समाजात तंबाखूच्या सेवनाला शिष्टाचार नव्हता असे कोणी समजू नये. तो भरपूर होता. वडिलांची चाहूल लागताच थोराड मुलगा हातातली विडी मुठीत लपवीत असे. जावई सासऱ्यासमोर सिगारेट पेटवीत नसे आणि कारकून साहेबांसमोर. उलट, बरोबरीच्या माणसापुढे तंबाखूची चंची आणि चुन्याची डबी सरकविणे हे अगत्याचे लक्षण होते. अनोळखी प्रवाशांची बोलचाल कित्येकदा त्या डबीपासूनच सुरू होई.

परंतु हा सारा शिष्टाचार अधिकाराच्या उतरंडीवर बेतलेला होता. वडील आले म्हणजे विडी विझे. त्याच खोलीत पाळण्यात तान्हे मूल असले तर मात्र ती विझवावी असे कोणास वाटत नसे. वडील स्वतः ओढू लागले तर प्रश्नच मिटला, सगळ्या घराने तो धूर निमूटपणे घ्यायचा. चुलीच्या धुरात दिवस काढणाऱ्या बाईला आणखी एका धुराची तक्रार असू शकते, ही कल्पनाच कोणाच्या मनात येत नव्हती. मान वयाला होता, पदाला होता. शेजाऱ्याच्या श्वासाला तो नव्हता.

तरीही त्या जुन्या रीतीत एक गोष्ट चांगली होती. प्रत्येक व्यसनाबरोबर त्याचे एक भांडे असे. पानाच्या डब्याशेजारी पिकदाणी असे, तपकीर ओढणाऱ्याजवळ रुमाल असे आणि सिगारेट ओढणाऱ्या पाहुण्यापुढे यजमान रक्षापात्र ठेवीत. माझ्या हौसेचे काहीतरी उच्छिष्ट मागे राहते आणि ते इतरांच्या अंगावर जाऊ नये याची व्यवस्था मला केली पाहिजे, ही कबुली त्या भांड्यात होती. पिकदाणी घरातून गेली आणि सरकारी कचेऱ्यांच्या जिन्यांचे कोपरे लाल झाले. नव्या नळीला तर भांडेच नाही. आपण मागे काहीच ठेवीत नाही, असाच तिचा दावा आहे. जेथे उच्छिष्टच मान्य नाही तेथे त्याची व्यवस्था करण्याचा प्रश्न कोठून येणार?

संमतीपासून हरकतीपर्यंत

सार्वजनिक जागेतील धुराविषयी आपल्या कायद्याचा प्रवास मोठा उद्बोधक आहे आणि तो रेल्वेच्या डब्यातच चांगला पाहता येतो. १८९० च्या रेल्वे कायद्यात अशी तरतूद होती, की धूम्रपानासाठी खास राखून ठेवलेला डबा सोडून इतरत्र कोणी सहप्रवाशांच्या संमतीवाचून धूम्रपान केले, तर त्याला वीस रुपयांपर्यंत दंड व्हावा. येथे बोलण्याची जबाबदारी ओढणाऱ्यावर होती. त्याने आधी विचारायचे, शेजाऱ्याने हो म्हणायचे आणि मग काडी ओढायची. नव्याण्णव वर्षांनी, १९८९ साली, नवा रेल्वे कायदा झाला. त्यात सर्वच गाडीत किंवा तिच्या एखाद्या भागात धूम्रपानास मनाई करण्याचा अधिकार रेल्वे प्रशासनाला मिळाला आणि दंडाची मर्यादा शंभर रुपये झाली. पण मूळ कलमाचे शब्द बदलले. डब्यातील अन्य कोणा प्रवाशाने हरकत घेतली तर धूम्रपान करू नये, असे ते झाले. म्हणजे बोलण्याची जबाबदारी शेजाऱ्यावर आली. कोणी काही बोलले नाही, तर ओढायला मोकळीक.

फरक दोन शब्दांचा दिसतो, पण त्या दोन शब्दांत सगळी समाजरीत उलटी होते. संमती मागणारा माणूस नम्र असतो आणि हरकत घेणारा भांडखोर ठरतो. संमती मागताना शेजाऱ्याचे अस्तित्व मान्य केलेले असते. हरकतीची वाट पाहताना तो गप्प राहील अशी आशा केलेली असते. १८९० चे कलम प्रत्यक्षात कितपत पाळले जात असेल याविषयी भाबडेपणा बाळगण्याचे कारण नाही. परकीय अमदानीतील तिसऱ्या वर्गाच्या खच्चून भरलेल्या डब्यात कोण कोणाची संमती विचारीत बसला असेल? तथापि कायदा आचरणात आला नाही म्हणून त्यातील तत्त्व खोटे ठरत नाही. इतरांच्या हवेत ज्याला काही मिसळायचे आहे त्याने आधी बोलावे, हे ते तत्त्व होते.

पुढे विज्ञानाने या प्रश्नाचे स्वरूपच बदलले. १९८१ साली जपानमधील संशोधक ताकेशी हिरायामा यांनी स्वतः कधीही धूम्रपान न करणाऱ्या एक्याण्णव हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांच्या चौदा वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांचे पती खूप सिगारेट ओढीत, त्या स्त्रियांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक आढळले. पुष्कळ वाद झाला, पण दुसऱ्याचा धूर हा रुचीचा प्रश्न न राहता आरोग्याचा झाला. आपल्याकडे १२ जुलै १९९९ रोजी केरळ उच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणचे धूम्रपान हा उपद्रव असल्याचे सांगून त्यास मनाई केली. मुरली देवरा यांच्या याचिकेवर २ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालये, शाळा-महाविद्यालये, ग्रंथालये, न्यायालये, नाट्यगृहे, सरकारी कचेऱ्या आणि रेल्वेसह सर्व सार्वजनिक वाहने येथील धूम्रपान थांबविण्याचा आदेश दिला. जो धूम्रपान करीत नाही त्याच्या जीविताच्या हक्कावर दुसऱ्याच्या धुराने आक्रमण का व्हावे, असा साधा प्रश्न न्यायालयाने विचारला होता. २००३ चा तंबाखूविषयक कायदा आणि २ ऑक्टोबर २००८ पासूनचे नियम यांनी त्या आदेशाला पक्के रूप दिले. दोनशे रुपये दंडाच्या पाट्या भिंतीभिंतींवर लागल्या.

या पाट्यांनी मोठे काम केले, हे मोकळेपणी मान्य केले पाहिजे. चित्रपटगृहात पडद्यापर्यंत जाणाऱ्या प्रकाशाच्या झोतात निळसर धूर तरंगताना आजच्या तरुणांनी पाहिलेला नाही. एस.टी.च्या गाडीत मागच्या बाकावर विडी पेटली, तर आता वाहक ती विझवावयास लावतो आणि प्रवासी त्याची बाजू घेतात. पण पाटीने एक गोष्ट नकळत हिरावूनही घेतली. ओढणाऱ्याने विचारणे संपले आणि शेजाऱ्याने सांगणेही संपले. दोघांच्या वतीने भिंतच बोलू लागली. त्यामुळे जेथे भिंतीवर काही लिहिलेले नाही तेथे कसे वागायचे, हे आपण विसरलो.

पाटी कोणी लावायची?

ई-सिगारेट नेमकी या न लिहिलेल्या जागेत येऊन बसली आहे. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यावरील बंदीच्या वटहुकमास मान्यता दिली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवणूक आणि जाहिरात ही सर्व कृत्ये त्यात गुन्हा ठरली. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, साठवणुकीला सहा महिने किंवा पन्नास हजार. द्रवात निकोटीन नसले तरीही बंदी लागू आहे. मात्र या लांबलचक यादीत ओढणे या कृतीचे नाव नाही. व्यापार थांबला म्हणजे वापर आपोआप थांबेल, असे गृहीत धरलेले दिसते. तसे झाले नाही. पानटपरीच्या फळीखालून, परदेशातून परतणाऱ्यांच्या सामानातून आणि भ्रमणध्वनीवरील निरोपांतून ती वस्तू हवी त्याला मिळते.

परिणाम विचित्र झाला आहे. जी वस्तू कायद्याच्या लेखी बाजारात असूच शकत नाही, तिच्या वापराचे नियम कोण करणार? विमानात उड्डाणापूर्वीच्या सूचनेत तिचा उल्लेख होतो, तेवढा अपवाद. एरवी उपाहारगृहाचा मालक धूम्रपानबंदीची पाटी लावतो आणि ई-सिगारेटबद्दल गप्प राहतो. ओढणारा म्हणतो, हे धूम्रपान नव्हे, येथे काही पेटलेले नाही. शेजाऱ्याला वाटते, हे बेकायदा असावे, पण मग पोलिसांना बोलवायचे की काय? बंदीने वस्तू लपली, तिच्याविषयीची रीत मात्र घडलीच नाही.

इंग्लंडने उलट वाट धरली. तेथे १ जुलै २००७ पासून बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपानाला मनाई आहे, पण ई-सिगारेट त्या मनाईत येत नाही. सिगारेटच्या मानाने ती सुमारे ९५ टक्के कमी घातक असल्याचा अंदाज तेथील सरकारी आरोग्य संस्थेने २०१५ साली प्रसिद्ध केला. त्या आकड्यावर बरीच टीका झाली. तरी २०२३ साली दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना सिगारेट सोडण्यासाठी ही साधने पुरविण्याची योजना सरकारने जाहीर केली. म्हणून कोठेही ओढा, असे मात्र झाले नाही. बंदिस्त जागेचा निर्णय ज्याच्या त्याच्या मालकावर सोपविला गेला. लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसगाड्यांत ती चालत नाही. मद्यगृहवाल्यांनी आपापले नियम केले, कचेऱ्यांनी आपापले. पुढे शाळकरी मुलांच्या हातीही ती सर्रास दिसू लागली, तेव्हा एकदा वापरून फेकायच्या नळ्यांच्या विक्रीवर १ जून २०२५ पासून बंदी आली. त्यांचे धोरण सर्वस्वी बरोबर आहे असा दावा येथे नाही. मात्र प्रत्येक दारावर कोणीतरी काहीतरी ठरविलेले असते, एवढे तरी तेथे दिसते.

केवळ वाफच ना?

ओढणाऱ्यांचे म्हणणे टाळून चालणार नाही, कारण त्यात थोडे तथ्य आहे. सिगारेट दोन झुरक्यांच्या मधल्या वेळातही जळत राहते आणि तो धूर थेट शेजाऱ्याकडे जातो. ई-सिगारेटमधून ओढणाऱ्याने सोडलेल्या श्वासाखेरीज फारसे काही बाहेर पडत नाही. शेजाऱ्याच्या वाट्याला येणारे द्रव्य सिगारेटच्या मानाने बरेच कमी असते. सिगारेट सुटावी म्हणून हिचा आधार घेणारी माणसेही आहेत आणि त्यांची खटपट हसण्यावारी नेण्याजोगी नाही. परंतु कमी म्हणजे शून्य नव्हे. बंद खोलीतील हवेत निकोटीन आणि सूक्ष्म कण वाढतात हे दिसून आले आहे. दीर्घकाळाच्या परिणामांचा निवाडा व्हायला वस्तूचे वयच अजून पुरेसे नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१९ सालच्या आपल्या श्वेतपत्रिकेत संपूर्ण बंदीची शिफारस केली, ती याच सावधगिरीपोटी.

पण शिष्टाचाराचा प्रश्न प्रयोगशाळेच्या निकालासाठी खोळंबून ठेवण्याचे कारणच काय? लोकल गाडीत भ्रमणध्वनीवर मोठ्याने गाणी लावणाऱ्याला आपण असभ्य म्हणतो, ते त्याने कोणाला आजार होतो म्हणून नव्हे. डब्यातील शांतता सर्वांची असते आणि त्याने ती न विचारता वापरलेली असते. बंद जागेतील हवेचेही तसेच आहे. आंब्याचा वास कितीही गोड असला तरी दुसऱ्याच्या नाकात तो त्याच्या परवानगीवाचून घालण्याचा अधिकार कोणास नाही. दम्याचा रोगी, गर्भवती स्त्री, नुकतीच सिगारेट सोडून मनाशी झगडणारा माणूस, यांपैकी कोण शेजारी बसले आहे हे ओढणाऱ्याला दिसत नाही. दिसत नाही म्हणूनच विचारायचे असते.

आपल्या वृत्तीतील आणखी दोन गोष्टींचा येथे उल्लेख केला पाहिजे. पहिली म्हणजे आपली दुटप्पी दृष्टी. विडी ओढणाऱ्या मजुराला हटकताना आपला आवाज चढतो. चकचकीत नळी ओढणाऱ्या, इंग्रजीत बोलणाऱ्या तरुणाला हटकताना तोच आवाज घशात अडकतो. उपाहारगृहातील नोकर पहिल्याला बाहेर काढतो आणि दुसऱ्याला 'सर' म्हणतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार आपल्या प्रौढ लोकसंख्येपैकी २८.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. गरिबाचे व्यसन घाणेरडे आणि श्रीमंताचे आधुनिक, असा भेद आपल्या नाकाने करू नये.

दुसरी गोष्ट स्त्रियांच्या बाबतीतली. एखादी तरुणी ई-सिगारेट ओढताना दिसली की आजूबाजूच्या नजरा वळतात, पण त्या हवेच्या काळजीने वळत नाहीत. तिचे शील, तिचे संस्कार, तिचे आईबाप यांची चर्चा सुरू होते. शेजारी तेच करणाऱ्या तिच्या भावाबद्दल कोणी चकार शब्द काढीत नाही. ही जुनी उतरंडच नव्या वेशात आलेली आहे. हरकत घ्यायची तर ती लोटाला घ्यावी. ओढणारी व्यक्ती पुरुष आहे की स्त्री, याचा त्या हरकतीशी काही संबंध नाही.

आणि मुलांचे काय? रंगीत, गोड वासाची, पेनासारखी दिसणारी वस्तू दप्तरात सहज दडते आणि शिक्षकांच्या नाकाला चुकविते. वर्गातील बारा-तेरा वर्षांचे मूल उपदेशाने शिकत नाही, ते पाहून शिकते. लग्नाच्या कार्यालयात, सोसायटीच्या गच्चीवर, मामा-काकांच्या हातात ती नळी सहजपणे मिरविताना दिसली, तर कायद्यातील लाखाच्या दंडाचा त्याच्यावर काडीचाही परिणाम होणार नाही. पूर्वीचा मुलगा वडिलांसमोर विडी लपवीत असे. आता मुलासमोर ती नळी लपविण्याची, किंबहुना बाहेरच न काढण्याची, पाळी वडिलांवर आली आहे.

करावयाचे काय, ते फार अवघड नाही. चित्रपटगृहे, उपाहारगृहे, मंगल कार्यालये, महाविद्यालये आणि गृहनिर्माण संस्था यांनी धूम्रपानबंदीच्या पाटीवर 'ई-सिगारेटसुद्धा' एवढा एक शब्द वाढवावा. बंदी असलेल्या वस्तूचे नाव पाटीवर घातल्याने तिला मान्यता मिळेल, ही भीती पोकळ आहे. सरकारने वापराविषयीचे आपले म्हणणे स्पष्ट शब्दांत सांगावे. मोकळ्या जागेतही ज्याला मोह आवरत नाही त्याने चार पावले दूर, वाऱ्याची दिशा पाहून उभे राहावे. बंद जागेत तर प्रश्नच उद्भवू नये. ज्याला त्रास होतो त्यानेही संकोच सोडावा. 'अहो, जरा बाहेर जाता का? मला सहन होत नाही,' या वाक्यात ना उपदेश आहे ना अपमान. मोठ्या आवाजाची आणि नीतिपाठाची त्याला जोड देऊ नये, एवढेच.

मात्र हे वाक्य उच्चारण्याची पाळी शेजाऱ्यावर यावीच का, हा मुद्दा उरतोच. १९८९ च्या कलमाने त्याच्यावर टाकलेले ओझे आपण पुन्हा १८९० च्या जागी नेऊन ठेवले पाहिजे. तेथे परकीय सरकारच्या रुक्ष कायदेपंडिताने, कदाचित नकळत, चांगल्या वागणुकीचे सूत्र लिहून ठेवले होते. हवा सर्वांची आहे, तेव्हा तिच्यात काही सोडण्यापूर्वी ज्याला सोडायचे आहे त्याने विचारावे, आणि नाही असे उत्तर आले तर राग न मानता नळी खिशात ठेवावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, दंडाची पावतीही लागत नाही. शेजारी बसलेल्या माणसाकडे एकदा मान वळवून पाहावे लागते.